पंचाचें माप

नागपुरांतील लकडगंज ही लाकडाच्या वखारींची वस्ती. तेथें गिऱ्हाइक पाहून फळीचें माप बदलूं लागलें, तर बाजार उठेल. हौशी सामन्यांचेंही तसेंच आहे. हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, नियम बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें १९२३ सालीं छापले. तरी चढाई करणाऱ्याचा दम तुटला कीं नाहीं, हें पंचाच्या कानानेंच ठरतें. आणि हौशी सामन्यांत पंच पुष्कळदां खेळाडूंचा शेजारीच असतो. म्हणून सामन्यापूर्वीं दोन्ही कर्णधारांस नियम वाचून दाखवावे व पंच तिसऱ्या मोहल्ल्यांतला असावा. यजमान संघाच्या नामांकित गड्यासही तो निःशंकपणें बाद ठरवील, तरच पाहुणा संघ पुढील वर्षीं पुन्हां येईल. एरव्हीं जिंकलेल्या ढालीस किंमत ती काय?