वाटाण्याचं सूप, टरफलांसकट

थंडीत वाटाणा स्वस्त होतो. दाणे काढून टरफलं आपण शेळीपुढे टाकतो. टाकाच, पण आधी कोवळी टरफलं धुऊन वीस मिनिटं उकळा. गाळलेलं पाणी गोड लागतं. आम्ही गटात सूप त्यातच करतो.

वाटीभर दाणे, लहान बटाटा, लसूण त्या पाण्यात शिजवा. सोडा नको, त्याने रंग टिकतो, पण जीवनसत्त्व जातं. मग घोटून तुपात जिऱ्याची फोडणी द्या. मिरची आपल्या पिंपळगावची, म्हणून निम्मीच! लिंबू उतरवल्यावर पिळा. त्याने अन्नातलं लोह अंगी लागतं.

दात नसलेल्या सासूबाईंना, तापातून उठलेल्या लेकराला हे सहज जातं. करणारीनेही आपला पेला आधीच काढून ठेवावा. वाढल्यावर पातेल्यात काय उरतं, ठाऊक आहे आपल्याला. उन्हाळ्यात वाळलेला वाटाणा रात्रभर भिजवून कुकरला लावा.