ऐकिलें, परंतु समजलें काय ?

‘ध’ चा ‘मा’ करणें ही म्हण महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं ? १७७३ सालीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्या प्रसंगाशीं ती जोडलेली आहे. ‘धरावें’ या शब्दाचें ‘मारावें’ झालें, अशी आख्यायिका. ती खरी असो वा नसो, एका अक्षरानें जीव जाऊं शकतो, हें लोकांनीं तींतून ओळखिलें. तेथें अक्षर बदलणाऱ्याच्या मनांत कपट होतें. परंतु कपट मुळींच नसतां, दोन्ही बाजूंचीं माणसें जाणतीं असतां, केवळ शब्द नीट न पोंचल्यानें अनर्थ ओढवतो, याचीं उदाहरणें विमानचालक आणि विमानतळावरील नियंत्रक यांच्या संभाषणांत आढळतात.

हें संभाषण बिनतारी यंत्रानें चालतें. टेलिफोनवर दोघे एकाच वेळीं बोलूं शकतात. येथें तसें नाहीं. एका लहरीवर अनेक विमानें ऐकत असतात. एकानें कळ दाबून बोलावें व इतरांनीं ऐकावें, असा क्रम. दोघांनीं एकदम कळ दाबली, तर ऐकणाऱ्यास शब्दांऐवजीं कर्कश शीळ ऐकूं येते. आणि आपलें बोलणें बुडालें, याचा पत्ता बोलणाऱ्या दोघांसहि नसतो.

२७ मार्च १९७७ रोजीं स्पेनच्या कॅनरी बेटांपैकीं टेनेरिफ येथें नेमकें हेंच घडलें. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बाँबचा स्फोट झाल्यामुळें तिकडे जाणारीं विमानें टेनेरिफच्या लहानशा विमानतळावर वळविलेलीं होतीं. धावपट्टी एकच, आणि तिच्यावर दाट धुकें उतरलेलें. मनोऱ्यांतून विमानें दिसत नव्हतीं व विमानांतून मनोरा दिसत नव्हता. पट्टीच्या एका टोकास डच कंपनी के. एल. एम. चें बोइंग ७४७ उड्डाणासाठीं वळून उभें होतें. त्याच पट्टीवरून पॅन अमेरिकन कंपनीचें दुसरें बोइंग ७४७ हळूहळू पुढें येत होतें.

नियंत्रकानें डच विमानास, उड्डाणानंतर कोणत्या मार्गानें जावें, हें सांगितलें. त्या सूचनेंत ‘उड्डाण’ हा शब्द होता; उड्डाणाची परवानगी मात्र नव्हती. डच सहवैमानिकानें सूचना परत म्हणून दाखविली आणि शेवटीं, आपण आतां उड्डाणावर आहों, अशा अर्थाचे मोघम शब्द जोडले. विमान उड्डाणाच्या जागीं सज्ज उभें आहे, असें नियंत्रक समजला. वस्तुतः तें धांवूं लागलें होतें ! नियंत्रकानें ‘ओके’ म्हटलें, आणि क्षणभर थांबून, अजून थांबावें, असें बजाविलें. त्याच क्षणीं पॅन अमेरिकनच्या चालकानें आपण अद्याप पट्टीवरच असल्याचें कळविलें. दोन आवाज एकमेकांवर आदळले, आणि डच विमानांत सुमारें चार सेकंद शीळच घुमली.

तरीहि एक संधि उरली होती. डच विमानांतील अभियंत्यास पुढील बोलण्यावरून शंका आली. तें अमेरिकन विमान पट्टीवरून दूर झालें नाहीं काय, असें त्यानें विचारिलें. मुख्य चालक हा कंपनीचा अनुभवी शिक्षक; त्यानें ठासून होकार दिला. अभियंता गप्प राहिला. कांहीं सेकंदांतच दोन्हीं विमानें एकमेकांवर आदळलीं आणि ५८३ माणसें प्राणांस मुकलीं.

संख्येचा घोंटाळाहि तितकाच घातक. इंग्रजींत ‘टू’ म्हणजे दोन, आणि ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ही. १९ फेब्रुवारी १९८९ रोजीं क्वालालंपूरजवळ एका मालवाहू विमानास, दोन-चार-शून्य-शून्य, म्हणजे २४०० फुटांवर उतरण्यास सांगितलें गेलें. चालकांनीं ४०० फुटांपर्यंत उतरावें असें समजून तसेंच उत्तर दिलें. नियंत्रकानें तें दुरुस्त केलें नाहीं. विमान टेकडीवर आदळलें व त्यांतील चौघेहि मृत्यु पावले.

कधीं शब्द ऐकूं येतो, परंतु त्याचें वजन कळत नाहीं. २५ जानेवारी १९९० रोजीं कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलें विमान खराब हवेमुळें तासाहून अधिक वेळ आकाशांत घिरट्या घालीत होतें. सहवैमानिकानें ‘प्राधान्य’ मागितलें. इंधन संपत आल्याचेंहि सांगितलें. संकटाची घोषणा करण्यास मुख्य चालकानें त्यास स्पॅनिश भाषेंत बजाविलें होतें. परंतु ‘संकट’ हा ठराविक शब्द मनोऱ्याकडे कधीं गेलाच नाहीं. नियंत्रकांनीं विमानास रांगेंतच ठेविलें. अखेर इंधन संपून तें लाँग आयलंडवर कोसळलें व ७३ जण दगावले.

हीं उदाहरणें परदेशचीं म्हणून निश्चिंत राहतां येत नाहीं. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं दिल्लीच्या पश्चिमेस चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचें विमान १४,००० फुटांवर होतें. कझाकस्तानच्या विमानास १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. समोरून विमान येत असल्याची सूचनाहि मिळालेली होती. तें तरीहि खालीं उतरलें आणि ३४९ जण मृत्यु पावले. त्या विमानांत मनोऱ्याशीं बोलणारा एक आणि विमान चालविणारे दुसरे, अशी व्यवस्था होती. त्या चालकांचें इंग्रजीचें अपुरें ज्ञान हेंहि एक कारण चौकशींत नमूद झालें.

या प्राणहानींतूनच आजचे नियम कडक झाले. ‘उड्डाण’ हा शब्द आतां प्रत्यक्ष परवानगी देतांना वा ती रद्द करतांनाच उच्चारावयाचा. एरवीं ‘प्रस्थान’ या अर्थाचा निराळा शब्द वापरावयाचा. महत्त्वाच्या आज्ञेस नुसतें ‘ओके’ हें उत्तर चालत नाहीं. ती आज्ञा जशीच्या तशी परत म्हणावयाची, आणि नियंत्रकानें तें म्हणणें कान देऊन ऐकावयाचें. २००८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गांवरील चालक व नियंत्रक यांस इंग्रजी संभाषणाची ठराविक पात्रता सिद्ध करावी लागते.

परंतु टेनेरिफच्या त्या अभियंत्याच्या प्रश्नास केवळ नियम पुरा पडत नाहीं. धाकट्यानें शंका विचारली, तर थोरल्यानें हात आंखडून एकवार खात्री करून घ्यावी, ही संवय लागते. ‘समजलें ना ?’ या प्रश्नास ‘हो’ हें उत्तर सर्वांत सोपें, आणि म्हणूनच सर्वांत फसवें. वैद्यानें सांगितलेली औषधाची मात्रा असो, कीं टेलिफोनवरून कळविलेली गाडीची वेळ, ऐकणाऱ्याकडून ती एकदां परत म्हणवून घेण्यास चार क्षण लागतात. टेनेरिफच्या त्या धुक्यांत तितकेच क्षण कमी पडले.