पहिल्या रात्रीपूर्वी

विवाह निश्चित झाला की घरोघर याद्या सुरू होतात. शालू कोठला घ्यावा, पंगतीस जिलबी असावी की श्रीखंड, यावर आठ-आठ दिवस खल चालतो. परंतु ज्या दोघांनी संसार मांडावयाचा, त्यांस परस्परांच्या शरीराविषयी काय ठाऊक आहे, हा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या मनास शिवतही नाही. मुलाची शाळा म्हणजे मित्रांच्या चावट गोष्टी व मोबाइलवरील चित्रे. मुलीस उपदेश एवढाच की, सारे आपोआप कळते.

आपोआप कळत नाही, हे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी फार पूर्वी ओळखिले होते. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढिले व १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांनी विचारावे आणि कर्व्यांनी आडपडदा न ठेविता उत्तर द्यावे, असा तेथील परिपाठ. त्यापायी खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक थांबविले नाही.

या अज्ञानाचा सर्वांत क्रूर भाग म्हणजे रक्ताच्या डागाविषयीची समजूत. योनिपटल हा लवचिक पडदा असून त्याची ठेवण प्रत्येकीची निराळी असते. अनेक स्त्रियांस प्रथम समागमात रक्तस्राव होतच नाही, आणि तपासणीने कौमार्य सिद्ध करणे कोणाही डॉक्टरला शक्य नाही. अशा तपासण्या बंद कराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्याच सुमारास पुण्यात कंजारभाट समाजातील काही तरुण-तरुणींनी, स्वकीयांचा रोष पत्करून, पांढऱ्या चादरीच्या परीक्षेविरुद्ध चळवळ उभारिली. सुशिक्षितांच्या घरी चादर पाहिली जात नाही, हे खरे. संशय मात्र पुष्कळ ठिकाणी शिल्लक असतो.

वेदनेचेही तसेच. भीतीने स्नायू आवळतात, घाईने ओलावा येत नाही, आणि मग जे दुखते ते निसर्गनियम म्हणून सोसले जाते. वेळ द्यावा, वंगण वापरावे. तरीही दुखत राहिल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांस दाखवावे. तरुणाची पहिल्या दिवशीची असमर्थता बहुधा धास्तीमुळेच असते. तिला नपुंसकत्व म्हणून भोंदूंचे खिसे भरू नयेत.

पहिल्याच समागमाने गर्भ राहू शकतो, म्हणून साधनाचा विचार आधीच हवा. निरोध गर्भाबरोबर अनेक संसर्गांपासूनही बचाव करितो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूवरील लस नऊ ते चौदा या वयात दिल्यास सर्वांत गुणकारी. तो विचार आईबापांनी वेळीच करावा. एचआयव्हीची तपासणी वधूवर दोघांनीही करावी. ती एकट्या वधूकडे मागणे हा अन्याय होय.

राहिली मनाची तयारी, आणि येथेच घराघरांतून मोठी चूक होते. अक्षता पडल्या म्हणजे संमती मिळाली, असे गृहीत धरिले जाते. अठरा वर्षांखालील पत्नीशी समागम हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. परंतु पंचविशीतील वधूचेही मौन म्हणजे होकार नव्हे. कित्येकदा वरालाही नको असते, पण मित्रांच्या थट्टेच्या भयाने तो बोलत नाही. दोन दिवसांच्या विधींनी थकलेल्या त्या दोघांस कोणी एवढेच सांगितले की, आज झोपलात तरी चालेल, आणि सकाळी कोणी सूचक प्रश्न केला नाही, तर त्यांची पहिली बोलणी तरी निर्भयपणे होतील.