छावणी उठल्यावर

चर्चच्या मदतकार्याचा विषय निघाला की धान्याची पोती आणि दुधाची भुकटी डोळ्यांपुढे येते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाची कथा थोडी निराळी आहे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने ते १९६३ साली स्थापिले. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा येथील तरुण डॉक्टरही छावण्यांत गेले. छावण्यांत पटकीचे थैमान होते. शिरेतून द्यावयाचे सलाईन पुरेना, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रोग्यांना पाजण्याची व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. रोग्याचे आप्तही करू शकतील असा हा उपचार!

परंतु छावणी उठते, पथक परतते. खेड्यातील रोगी मात्र जेथल्या तेथेच राहतो. म्हणूनच पदवीनंतर ठरावीक काळ ग्रामीण रुग्णालयात सेवा करण्याचे या महाविद्यालयाचे बंधपत्र अधिक मोलाचे मानावे लागेल. काहींना ते जाचते, हेही खरे. यांतील कित्येक रुग्णालये जोगिणी चालवितात, आणि तेथे मध्यरात्री अडलेली बाळंतीण आली तर पुष्कळदा नुकताच पदवी घेतलेला तो एकच डॉक्टर असतो.