जर्मनचा गंज आणि विमानाचा पत्रा

मी मेहकरहून बोलतेय.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मागे एक प्रश्न निघाला. गटातून कर्ज काढून मी लेकीसाठी जुना कॉम्प्युटर घेतला होता. एक ताई म्हणाल्या, "पोरगी दिवसभर विमानं रंगवते म्हणे. मग हप्ता कसा फिटणार?" प्रश्न रास्त होता, पैसा सगळ्यांचा आहे. मी गप्प बसले, कारण ती नेमकं काय करते हे मलाच माहीत नव्हतं. घरी आले आणि तिच्याजवळ बसले.

कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक खेळ असतो. त्या विमानाच्या अंगावरचं चित्र आपल्याला स्वतः काढता येतं. ती एअर इंडियाचं जुनं कॉन्स्टेलेशन विमान करत होती. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' नावाचं असंच विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं होतं. त्या काळी पुष्कळ विमानांचा पत्रा रंग न देता उघडा, चकचकीत ठेवत. रंगाचं वजनही वाचायचं.

तिचं विमान मात्र राख फासल्यासारखं दिसत होतं. "पांढरट करडा रंग दिला, तरी चमकत नाही," म्हणाली. मी नुकताच घासलेला जर्मनचा गंज आणून खिडकीत धरला. आपण जर्मन म्हणतो ते ॲल्युमिनियमच, विमानाचा पत्राही मुख्यतः त्याचाच. म्हटलं, "सांग, याचा रंग कोणता?" वरच्या अंगाला आभाळाचा उजेड होता, खालच्या अंगाला माझ्या हिरव्या लुगड्याची झाक. गंज फिरवला की रंगही फिरे. चकचकीत धातूत दिसतं ते बरंचसं समोरचंच असतं.

मग तिनं मूळ रंग गडद केला आणि चमक वेगळ्या थरात दिली. गंज, झाकण, परात शेजारी मांडली, तर तिन्हींची छटा वेगळी. तिनंही प्रत्येक पत्र्याची छटा थोडी बदलली. शोभेसाठी काढलेले तांबड्या गंजाचे ओघळ पुसले, कारण जर्मनला तो गंज चढत नाही, ते मंद, पांढुरकं पडतं. इंजिनाची काजळी मात्र ठेवली, पण धूर निघतो तिथून मागे ओढलेली. वारा मागेच नेणार ना!

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या विमानाचा एक रुपयाही मिळाला नाही. तिनं ते फुकट वाटलं. पण थर लावणं, छटा ओळखणं हातात बसलं. आता ती फ्लेक्सच्या दुकानात अर्धा दिवस काम करते. आमच्या गटाच्या पापडाच्या पाकिटावरचं चित्र तिचंच. मागचे दोन हप्ते तिच्या कमाईतून गेले. बाकी आहेत, तेही जातील.

बैठकीत विचारणाऱ्या त्या ताईंचा मला तेव्हा राग आला होता. पण त्यांनी विचारलं नसतं, तर मी पोरीजवळ बसले नसते. तुमच्या घरी कुणी असंच काही करत बसलं असेल, तर रागावण्याआधी घटकाभर शेजारी बसून बघा.