गोठलेले नळ आणि न पाळलेली सूचना
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेतला कारकून, शिक्षण कला शाखेचे. विजेवर बोलायला मी काही अभियंता नाही. परंतु वहीत राहून गेलेली चूक पुढे कशी वाढत जाते, हे मी रोज पाहतो. म्हणून अमेरिकेतील टेक्सास राज्यात फेब्रुवारी 2021 मध्ये जे घडले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या भागांत आपली मराठी कुटुंबेही राहतात.

टेक्सास हा मुळात उष्ण प्रदेश. तेथील घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. अनेक घरांत पाण्याचे पाइप पोटमाळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले असतात. पाणी गोठले की सुमारे 9 टक्के फुगते. बर्फाचा बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप फुटतो. ते कळते मात्र बर्फ वितळून छतातून पाणी कोसळू लागल्यावर. घरात ऊब असेल तर हे टळते. पण तेथील निम्म्याहून अधिक घरांची ऊब विजेवर अवलंबून, आणि नेमकी वीजच गेली!

का गेली? वायूच्या विहिरी, वीजकेंद्रांची यंत्रे, पवनचक्क्या, सारेच थंडीने अडले. सर्वांत मोठी तूट वायूवर चालणाऱ्या केंद्रांची होती. त्यातच काही वायूकेंद्रांचा वीजपुरवठा तोडला गेला. वीज नाही म्हणून वायू नाही, आणि वायू नाही म्हणून वीज नाही! 15 फेब्रुवारीच्या पहाटे संपूर्ण जाळे कोसळण्यास अवघी 4 मिनिटे 37 सेकंद उरली होती. 45 लाखांवर घरे व दुकाने अंधारात गेली. पाणी शुद्ध करणारी केंद्रे बंद पडली, नळांचा दाब उतरला आणि पाणी उकळून प्या, अशी सूचना निघाली. पण उकळायचे कशावर? सरकारी नोंदीप्रमाणे 246 माणसे गेली. त्यांतील बहुतेक थंडीने. काही जण ऊब मिळवण्यासाठी बंद जागेत जनरेटर किंवा मोटार चालू ठेवल्याने विषारी वायूने गेले.

मित्रहो, ही केवळ निसर्गाची आपत्ती म्हणता येणार नाही. 1989 च्या थंडीतही तेथे वीज तोडावी लागली होती. फेब्रुवारी 2011 मध्ये पुन्हा तेच झाले. त्यावर केंद्रीय चौकशी अहवालाने यंत्रांना थंडीपासून संरक्षण द्या, असे स्पष्ट सुचवले. पण ते सक्तीचे नव्हते. आमच्या भाषेत सांगायचे तर लेखापरीक्षकाचा शेरा आला, फाइलला लागला, पूर्तता मात्र झाली नाही. त्याच राज्यातील एल पासो शहराने 2011 नंतर खर्च करून आपली यंत्रे सज्ज केली. ते शहर शेजारील राज्यांच्या जाळ्यालाही जोडलेले होते. 2021 मध्ये तेथील वीज जवळजवळ अखंड राहिली. उर्वरित टेक्सासचे बहुतांश जाळे मात्र केंद्रीय नियंत्रण नको म्हणून वेगळे ठेवलेले. बाहेरून मदत येणार किती? नुसते जाळे जोडले म्हणजे काम झाले, असेही नाही. जुलै 2012 मध्ये आपल्या देशाचे जोडलेले जाळे कोसळले, तेव्हा सुमारे 60 कोटी लोकांना झळ बसली. जोडणी हवी आणि शिस्तही हवी.

टेक्सासमध्ये सक्तीचा कायदा जून 2021 मध्ये झाला. एवढी माणसे गेल्यावर!

आपल्याकडे पाइप फुटण्याएवढी थंडी नाही. पण वीज गेली की पंप बंद आणि टाकी रिकामी, हे आपणही जाणतो. ज्याच्याकडे जनरेटर आहे, तो निभावतो. चौथ्या मजल्यावरची म्हातारी निभावत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना एकच विनंती. उद्या तुम्ही अभियंता व्हाल, अधिकारी व्हाल. तुमच्या टेबलावर असा शेरा येईल, तेव्हा "पाहू पुढच्या वर्षी" असे लिहू नका. पुढच्या वर्षी थंडी विचारून येत नाही.