मृत्यूची थट्टा आणि जीविताचे मोल
(वाहनचालक व विद्यार्थी यांच्यासमोर रस्ता सुरक्षेविषयी दिलेले भाषण)



वाहतुकीचे नियम आपण ऐकलेच आहेत. मी एका निराळ्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. बेफाम वेगाने मोटारसायकल हाकताना एखादा तरुण दगावला, की "करावे तसे भरावे" असे आपण सहज म्हणतो. पुढे त्याच्या मरणावर विनोदही होतात. त्यात कोणाचे काय बिघडते?

काही वर्षांपूर्वी अशा एका अपघाताच्या पंचनाम्याला मी हजर होतो. "शर्यत जिंकला, सर्वांच्या आधी पोहोचला," असे बघ्यांपैकी कोणी म्हणाले. चारजण हसले, खोटे कशाला बोलू, मलाही हसू आले. मृताचे वडील मागेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. रस्त्यावर पडलेली मुलाची चप्पल त्यांनी उचलली आणि रुमालाने पुसली.

मुलाची चूक होती, हे मी नाकारीत नाही. चूक स्पष्ट सांगितलीच पाहिजे; त्यावाचून दुसरा सावध होणार नाही. परंतु चूक दाखविणे निराळे आणि मरणाची मौज करणे निराळे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी शिरस्त्राण घातलेले नव्हते. आणि त्यांतले १४,३३७ जण वाहन चालवीत नव्हते, नुसते बसलेले होते. हसणारा एवढा हिशेब करीत नाही.

शिवाय "तो मूर्ख होता" असे म्हटले, की आपण शहाणे ठरतो. आणि दुसऱ्याच दिवशी "जवळच तर जायचे आहे" म्हणून शिरस्त्राण खुंटीवर ठेवून निघतो. थट्टेने धडा मिळत नाही, तो टळतो.

याहून मोठा धोका असा, की मृताविषयीची तुच्छता जखमी माणसापर्यंत पोहोचते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण दिले आहे. कायदा मनातली भीती घालवील. "याची हीच लायकी" ही भावना मात्र आपणच घालविली पाहिजे. कारण रस्त्यावर तडफडणाऱ्याचा दोष ठरेपर्यंत थांबण्याइतका वेळ त्याच्यापाशी नसतो.

रावणाचा अपराध काय लहान होता? तरीही तो पडल्यावर श्रीरामांनी बिभीषणाला त्याचे अंत्यसंस्कार करावयास सांगितले. आपल्यासमोर तर केवळ एक चुकलेले पोर असते.

त्याची चूक जरूर सांगा. मात्र त्याचे वडील मागे उभे आहेत, असे समजून सांगा.